पट्टी तुमची, गळा आमचा

टिन व्हिसल घ्यायची आहे, कुठली घेऊ, असं कुणालाही विचारा. उत्तर एकच येतं: "डी घ्या." तुम्ही कुणाबरोबर वाजवणार, काय वाजवणार, गाणारं माणूस कुठल्या पट्टीत गातं, असला एकही प्रश्न न विचारता. नाडी न बघता गोळी लिहून देणारा डॉक्टर आपण दुसऱ्या दिवशी बदलतो. पण व्हिसलच्या बाबतीत याच सल्ल्याला "अनुभवी माणसाचं मार्गदर्शन" म्हणतात!

आणि चुकून म्हणालात की मला ए हवी आहे, किंवा ई, किंवा (अरे देवा) सी शार्प, तर समोरचा असा बघतो की जणू काही तुम्ही अमृततुल्यमध्ये जाऊन कॅमोमाइल चहा मागितलाय. मग ठरलेलं प्रवचन. आधी डी नीट वाजवायला शिका. डी मध्ये सगळं येतं. बाकीच्या पट्ट्या म्हणजे हौशी लोकांची चैन.

या प्रवचनाला विरोध करायला आजचा वीकांत राखून ठेवलाय. तर मंडळी, सुरुवात करूया.

ज्यांना हे प्रकरण काय आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टिन व्हिसल म्हणजे सहा छिद्रांची, तोंडात उभी धरून वाजवायची शिट्टी. आयरिश संगीतात ती सगळीकडे असते. फुंकर मारली की सूर येतोच, आडव्या बासरीसारखे ओठ जुळवत आठवडे घालवावे लागत नाहीत. सहाही छिद्रं बंद केली की जो सूर येतो ती त्या व्हिसलची पट्टी. डी च्या व्हिसलवर तो सूर डी, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी दोन. एका व्हिसलवर दोन पट्ट्या सहज वाजतात: तिची स्वतःची, आणि तिच्या मध्यमाची. म्हणजे डी वर डी आणि जी. बाकी कुठल्याही पट्टीत शिरायचं तर अर्धी छिद्रं झाकण्याची कसरत.

आता आधी समोरच्या पार्टीची बाजू मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो.

आयर्लंडच्या पबमध्ये चारचौघं बसून वाजवतात त्या सेशनसाठी डी हेच बरोबर उत्तर आहे. त्यामागे कारण आहे. तिथली लाकडी बासरी डी ची. मैफिलीतले इलन पाइप्स डी चे. फिडलच्या तारा जी, डी, ए, ई, त्यामुळे डी आणि जी मध्ये मोकळ्या तारा घुमतात. शेकडो वर्षांच्या चाली या वाद्यांच्या अंगाने घडल्या, म्हणून बहुतेक चाली डी नाहीतर जी मध्ये, किंवा त्याच सुरांतल्या दुसऱ्या मोडमध्ये. तिथे कुणी एफ शार्पची व्हिसल घेऊन गेला तर त्याला बाहेर काढतील, आणि बरोबरच करतील. तुम्ही मुंबईत किंवा डब्लिनमध्ये बसून फक्त रील आणि जिगच वाजवणार असाल, तर हा लेख इथेच सोडा. डी घ्या, सुखी राहा.

पण आपल्यातले किती जण त्यासाठी व्हिसल घेतात? आपल्याकडे व्हिसल येते ती सिनेमातून. कुणाला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली हॉबिट लोकांची धून वाजवायची असते. ती डी मध्येच आहे, त्यामुळे तो माणूस नशीबवान. आणि बाकी जनतेला वाजवायचं असतं 'टायटॅनिक'. १९९७ चा सिनेमा, अजून लोकांच्या डोक्यातून बुडालेला नाही :-) ते शेवटचं गाणं सुरू होतं ई मेजरमध्ये. डी ची व्हिसल घेऊन रेकॉर्डबरोबर वाजवायला बसा. बोटं बरोबर, फुंकर बरोबर, आणि कानाला मात्र काहीतरी भयंकर ऐकू येतंय. नवा माणूस काय समजतो? आपल्यालाच जमत नाही. महिनाभरात व्हिसल खणात जाते, आणि वर "मला संगीताचा कान नाही" असा आयुष्यभराचा शेरा. अरे बाबा, तुझा कान शाबूत आहे. कान शाबूत आहे म्हणूनच तर ते भयंकर वाटलं! तुला फक्त ई ची व्हिसल हवी होती, आणि ते तुला कुणी सांगितलं नाही.

गंमत म्हणजे शेवटच्या कडव्यात ते गाणं चढून ए फ्लॅटमध्ये जातं, आणि ए फ्लॅट बाजारातल्या ई फ्लॅट व्हिसलवर मस्त वाजतं. म्हणजे जहाज बुडाल्यानंतरचं वाजवायची सोय आहे, बुडण्याआधीची नाही.

हे असं का होतं ते बघायला एक साधा हिशोब करू. जनरेशन हे जुनं इंग्लिश नाव. स्वस्त, पितळी किंवा निकेलची नळी, वर प्लास्टिकचं डोकं. जगभर हजारो लोक यावर शिकले, आणि या कंपनीबद्दल माझ्या मनात आदरच आहे, कारण इतक्या कमी पैशात एकापेक्षा जास्त पट्ट्या देण्याची परंपरा यांनी टिकवली. त्यांच्या सहा पट्ट्या: बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट, एफ, जी. अख्खा संच घेतलात असं धरा. प्रत्येकीवर दोन पट्ट्या, म्हणजे सहा दुणे बारा. वा! बाराच्या बारा सूर हातात.

नाही. मांडून बघा.

बी फ्लॅटवर बी फ्लॅट आणि ई फ्लॅट. सी वर सी आणि एफ. डी वर डी आणि जी. ई फ्लॅटवर ई फ्लॅट (हा आधीच आलाय) आणि ए फ्लॅट. एफ वर एफ आणि बी फ्लॅट (दोन्ही आलेत). जी वर जी आणि सी (हेही दोन्ही आलेत). एकूण वेगळ्या पट्ट्या किती? सात. बारा जागा आणि पाच डुप्लिकेट.

राहिलेल्या पाच कुठल्या ते बघा: ए, ई, बी, एफ शार्प, सी शार्प.

पहिल्या दोन म्हणजे गिटारवाल्यांच्या जीव की प्राण पट्ट्या. हॉस्टेलच्या गच्चीवर बसलेला कुठलाही गिटारवाला ई, ए, डी, जी, सी सोडून फार लांब जात नाही. त्या पाचातल्या दोन गायब. आणि शेवटची सी शार्प म्हणजे पेटीची काळी एक. आपल्याकडे किती पुरुष गायक "काळी एक द्या" म्हणत बैठकीला बसतात ते मी सांगायला नको. म्हणजे सहा व्हिसल विकत घेऊन, सगळ्या पिशवीत भरून तुम्ही पोचलात, समोरच्याने काळी एक मागितली आणि तुम्ही बसलात टाळ्या वाजवत.

आता खरी गोष्ट. सहाच व्हिसल ठेवायच्या असतील, एकही जास्त नाही, तरी बाराच्या बारा पट्ट्या बसवता येतात. सी, डी, ई, एफ शार्प, ए फ्लॅट, बी फ्लॅट. एकीआड एक सूर. कागदावर करून बघा. सी वर सी-एफ, डी वर डी-जी, ई वर ई-ए, एफ शार्पवर एफ शार्प-बी, ए फ्लॅटवर ए फ्लॅट-सी शार्प, बी फ्लॅटवर बी फ्लॅट-ई फ्लॅट. बारा. एकही डुप्लिकेट नाही. यातल्या तीन म्हणजे सी, डी, बी फ्लॅट आजही दुकानात मिळतात. कमी आहेत त्या तीन नळ्या. चंद्रावर माणूस पाठवायला सांगत नाहीये हो मी. तीन नळ्या!

मी असं म्हणत नाही की ई फ्लॅट, एफ, जी बंद करा. ज्यांना त्या लागतात त्यांना त्या लागतातच. आयर्लंडमध्येही अर्धा सूर चढवून ई फ्लॅटमध्ये वाजवणारे भरपूर आहेत. माझं म्हणणं इतकंच, की जो संच "सगळ्या पट्ट्या" म्हणून आपल्यासमोर ठेवला जातो त्यात जवळजवळ अर्धं जग नाही, आणि हे कुणी बोलत नाही.

इथे प्रवचनकार दुसऱ्या गिअरमध्ये जातात. म्हणतात, वर्कअराउंड आहेत ना! आहेत. एकेक घेऊ.

वर्कअराउंड पहिला: डोकं थोडं ओढून बाहेर काढा, सूर उतरतो. डी चा सी शार्प करता येतो. ज्याने हे सांगितलं त्याने एकतर कधी करून बघितलं नाही, किंवा त्याचे कान ट्रॅफिकने गेलेत. साधं गणित आहे. दोन्ही बाजूंनी उघड्या नळीत सूर म्हणजे हवेतल्या आवाजाचा वेग भागिले नळीच्या लांबीची दुप्पट. वेग सेकंदाला ३४५ मीटर धरा. डी म्हणजे ५८७ हर्ट्झ, त्यासाठी नळीची परिणामी लांबी साधारण २९४ मिलिमीटर. अर्धा सूर उतरवायला लांबी सुमारे ६ टक्के वाढायला हवी, म्हणजे साडेसतरा मिलिमीटर. ओढलं साडेसतरा. खालचा सूर बरोबर सी शार्प. जिंकलो?

आता सगळी छिद्रं उघडा. तिथला सूर वरचा, परिणामी लांबी साधारण १५६ मिलिमीटर. तिच्यात ६ टक्के म्हणजे नऊ-सव्वानऊ मिलिमीटर वाढायला हवे होते. तुम्ही वाढवलेत साडेसतरा, कारण डोकं सगळ्या छिद्रांपासून सारखंच लांब जातं. म्हणून खालचा सूर उतरला अर्धा, आणि वरचा उतरला जवळजवळ अख्खा, म्हणजे १०० सेंटऐवजी सुमारे १८५ सेंट. एका टोकाला सी शार्प, दुसऱ्या टोकाला तळमळ. सरकतं डोकं थोडंफार वर-खाली जुळवून घेण्यासाठी असतं, गिटारच्या कॅपोसारखी पट्टी बदलण्यासाठी नव्हे. छिद्रांमधलं अंतरही त्याच प्रमाणात वाढायला लागतं, आणि त्यालाच वेगळी व्हिसल म्हणतात.

वर्कअराउंड दुसरा: अर्धी छिद्रं झाका. "आपले बासरीवाले नाही का अर्ध्या छिद्रावर अख्खा राग उभा करत?" करतात. पण बांबूच्या बासरीचं छिद्र मोठं, बोटाला सरकायला जागा. व्हिसलचं छिद्र त्या मानाने टिचभर. संथ चालीत एखादा सूर अर्ध्यावर काढणं वेगळं आणि सरगमच्या प्रत्येक फेरीत दोन सूर अर्ध्यावर तोलणं वेगळं. आणि हा दाखला देणाऱ्यांनी एकदा बासरीवाल्याची पिशवी उघडून बघावी. त्यात एकच बासरी असते का? लहान, मोठ्या, जाड, बारीक, प्रत्येक पट्टीची वेगळी. ज्यांचा अर्ध्या छिद्रावर आपल्यापेक्षा शंभरपट जास्त हात बसलाय, तेही पट्टी बदलली की बासरी बदलतात. यावरून काय ते समजा.

वर्कअराउंड तिसरा: मोबाइलवर गाण्याची पट्टी बदलून घ्या. एकटे वाजवत असाल तर उत्तम, मीही करतो. पण समोर माणूस बसला असेल तर त्याचं कुठलं बटण दाबणार?

आणि म्हणून वर्कअराउंड चौथा, ज्याच्यावर माझा खरा राग आहे: "गाणाऱ्याला पट्टी बदलायला सांगा."

हे इतक्या सहज बोललं जातं की यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही. माझी मावशी सत्तरीच्या पुढची. पन्नास वर्षं गाते, क्लास-परीक्षा काही नाही, घरात आणि भजनी मंडळात. तिची पट्टी पांढरी सहा. म्हणजे ए. यमनातलं एक भजन ती गाते तेव्हा अंतऱ्यात वरच्या सा वर जाऊन थांबते, आणि तिथे तिचा आवाज जो लागतो तो लागतो. एका घरगुती कार्यक्रमात एक वाजवणारे गृहस्थ होते, हातात डी. तिला म्हणाले, "काकू, तुम्ही जी मध्ये घ्या ना, मला सोपं पडेल." काकूंनी घेतलं. एक अख्खा सूर खाली. मुखड्यातले खालचे सूर घशात अडकले, वर जाऊन थांबायची ती जागा सपाट झाली. बाईने निमूटपणे गाणं संपवलं, "आज काही आवाज लागला नाही" म्हणाली आणि शाल ओढून बसली. आवाज लागला नव्हता असं नाही हो! फूटभर नळीसाठी तुम्ही पन्नास वर्षांचा गळा हलवलात.

तिला काय हवं होतं? ए मधला यमन. सा, रे, ग, तीव्र म, प, ध, नी. म्हणजे ए, बी, सी शार्प, डी शार्प, ई, एफ शार्प, जी शार्प. हे सात सूर एकाही अर्ध्या छिद्राशिवाय, सरळ बोटांनी, कुठे मिळतात? ई च्या व्हिसलवर, वरची तीन छिद्रं बंद असताना सा धरून. तीच ई, जी संचात नाही. डी वर हेच वाजवायला गेलात तर डी शार्प आणि जी शार्प, दोन्ही सूर अर्ध्यावर. भूप असता तर डी वरही निभावलं असतं, कारण त्यात हे दोन सूर लागतच नाहीत. पण बाईंनी यमनाऐवजी भूप गावा, कारण दुकानात ई नव्हती? असं म्हणायचं का आता?

गळा ही शरीराची गोष्ट आहे. उंचीसारखी. तुम्ही शर्ट विकता तेव्हा गिऱ्हाइकाला "जरा वाकून चाला, एम साइजच आहे" असं सांगत नाही. वाद्य ही कॉन्फिगर करण्याची वस्तू आहे, गळा नाही. आपल्या धंद्यात कुणी अशी व्हॅल्यू हार्डकोड केली असती तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढली असती. इथे मात्र त्याला परंपरा म्हणतात.

बरं, परंपरा तरी आहे का ती? रॉबर्ट क्लार्क नावाच्या इंग्लिश माणसाने १८४३ च्या सुमारास पत्र्याच्या शिट्ट्या बनवून विकायला सुरुवात केली, तिथून आजची टिन व्हिसल आली. त्याच्या पहिल्या व्हिसलची पट्टी कुठली होती? वरची ए! डी नव्हे. आज जिला "अनकॉमन" म्हणून नाकं मुरडतात तीच पहिली. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या दशकात क्वेला संगीताची लाट आली, रस्त्यावरची पोरं पेनी व्हिसलवर जॅझ वाजवत होती. १९५८ मध्ये 'टॉम हार्क' ही त्यातली धून इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेली. त्यांच्या आवडत्या पट्ट्या बी फ्लॅट आणि जी. आयर्लंडमध्येच इलन पाइप्सचे जुने, मऊ आवाजाचे संच सी शार्प, सी, बी आणि बी फ्लॅटचे असतात, आणि जाणकार त्यांच्यावर जीव टाकतात. त्यांच्याबरोबर वाजवायला डी घेऊन जा आणि बघा काय होतं.

आणि सगळ्यात भारी गोष्ट. आज ज्या 'लो व्हिसल'च्या धीरगंभीर आवाजावर जग फिदा आहे ती १९७१ मध्ये बर्नार्ड ओव्हरटन या इंग्लिश माणसाने बनवली. का बनवली? फिनबार फ्युरी या आयरिश कलाकाराकडे भारतीय बांबूची एक बासरी होती. ती मोडली. तिची जागा घ्यायला धातूची नळी घडवली. म्हणजे आयरिश संगीताचा हा आज हक्काचा वाटणारा आवाज, वाजवणाऱ्याला जो सूर हवा होता तो रेडीमेड मिळेना म्हणून जन्माला आला. कुणीतरी तेव्हा फ्युरीला "आहे त्यात भागव" म्हणालं असतं आणि त्याने ऐकलं असतं, तर लो व्हिसल नसती.

आता दुकानदार आणि उत्पादकांचं म्हणणं: मागणी नाही. हा आपल्या ओळखीचा युक्तिवाद आहे. फीचर देत नाही कारण कुणी मागत नाही, आणि कुणी मागत नाही कारण असं काही असतं हेच माहीत नाही. खर्चाचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. डोक्याचा साचा महाग असतो, आवाजाचं सगळं नाजूक काम तिथे. पण पट्टी ठरते ती नळीत आणि छिद्रांत! जवळपासच्या पट्ट्यांना एकच डोकं चालतं. एका डोक्याला दोन नळ्या असे संच कारागीर विकतातच की. सुसाटो या अमेरिकन नावाने तर प्लास्टिकमध्ये जवळजवळ सगळ्या पट्ट्या आणून दाखवल्या. म्हणजे अशक्य नाही, फक्त स्वस्तातल्या टोकाला कुणी मनावर घेत नाही. त्यामुळे पोरासोरांना परवडणारी ती डी, आणि हाताने बनवलेली ए किंवा ई हवी तर तिच्या कित्येक पट पैसे, वर महिनोन्‌महिने वाट, वर कस्टम्स. गरिबाने डी मध्येच गावं असा हा कायदा.

आपल्याकडच्या बांबूवाल्याकडे जा. बासरी बनवणाऱ्याला "काळी चार द्या" म्हणा. तो "आधी पांढरी दोन शिका" म्हणतो का? लांबी मोजतो, छिद्रं पाडतो, देतो. बारा पट्ट्या असतात तर बारा बासऱ्या, विषय संपला.

असो. नुसता राग काढून व्हिसल मिळत नाही, म्हणून कामाच्या चार गोष्टी.

एक. आधी तुमची पट्टी शोधा. मोबाइलवर ट्यूनर टाका, तुम्ही किंवा तुमच्या घरातलं गाणारं माणूस नेहमीच्या सहज आवाजात सा लावेल तो सूर बघा. तीन-चार दिवस बघा. ती पट्टी आणि तिच्या पंचमाची पट्टी, या दोन व्हिसल तुमच्या. सा ए असेल तर ए आणि ई. साधं शुद्ध सप्तक वाजवायचं तर ए ची, यमन वाजवायचा तर ई ची. सा काळी एक असेल तर सी शार्प आणि ए फ्लॅट.

दोन. मागताना स्पष्ट मागा: "सहाही छिद्रं बंद केल्यावर कुठला सूर?" आणि "वरच्या सप्तकातली की खालच्या?" हे अत्यंत महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे बासरीचं नाव वरची तीन छिद्रं बंद असतानाच्या सा वरून ठेवतात. म्हणजे जिला व्हिसलवाले डी म्हणतात तिला बासरीवाला जी म्हणेल. एका दुकानात मी ए ची व्हिसल मागितली, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, ए म्हणजे डीच, फक्त जाड असते." त्याचा दोष नाही. त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि गिऱ्हाइकंही विचारत नाहीत. विचारा.

तीन. बोटांची भीती बाळगू नका. खालची ए म्हणजे ४४० हर्ट्झ, डी पेक्षा साधारण एक तृतीयांश लांब. बोटं थोडी पसरतात, आठवड्याभरात सवय होते. लो डी मात्र डी च्या दुप्पट, तिथे बोटांच्या टोकांऐवजी मधल्या पेरांनी छिद्रं झाकायला शिकावं लागतं. पण ए, बी, सी शार्प, ई यांच्यात तसलं काही नाही.

चार. काहीच मिळेना तर बनवा. हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाइप, ड्रिल, बारीक कानस आणि एक स्प्रेडशीट. वरचं सूत्र तेच. छिद्रं आधी लहान पाडा आणि ट्यूनर बघत हळूहळू मोठी करा, कारण मोठं केलं की सूर चढतो आणि चढलेला सूर उतरवायचा तर छिद्र पुन्हा बुजवत बसावं लागतं. पहिल्या दोन-तीन नळ्या कचऱ्यात जातील. पाइप स्वस्त आहे, जाऊ द्या.

आणि एक इशारा दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही. चाळीस व्हिसल जमवून काचेच्या कपाटात लावणारे आणि त्यातल्या अडतीस कधीच न वाजवणारे लोक असतात. प्रवचनकारांना "हौशी लोकांची चैन" म्हणायला तुम्हीच दारूगोळा पुरवता. मी कपाट भरायला सांगत नाहीये. दोन व्हिसल पुरतात. फक्त त्या बरोबर दोन असाव्यात, आणि बरोबर कुठल्या ते तुमच्याबरोबर गाणाऱ्या माणसाच्या गळ्याने ठरवावं, दुकानाच्या रॅकने नव्हे.

पुढच्या वेळी कुणी नवखा "कुठली व्हिसल घेऊ?" असं विचारत आला, की लगेच "डी" म्हणून मोकळे होऊ नका. त्याला उलट एकच प्रश्न विचारा: "तुझ्याबरोबर गाणार कोण?" उत्तर मिळालं की मग पट्टी सांगा. तेवढं केलंत तरी मागणी तयार होईल, आणि मागणी तयार झाली की त्या उरलेल्या तीन नळ्या कुणीतरी बनवेलच.